वहीत कृती नाही, नुसती नावं

पत्र लिहिणाऱ्या ताई अहिल्यानगरच्या, वय ४६, एका पतसंस्थेत नोकरीला. घर मराठी ख्रिस्ती. गेल्या मार्चमध्ये त्यांची आई गेली आणि आता नाताळ तोंडावर आला आहे. आई होती तोवर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून घरात तळणीचा वास असायचा. करंज्या, चकल्या, अनारसे, शंकरपाळे, चिवडा, शेव, तीन तऱ्हेचे लाडू, बेकरीतून भाजून आणलेली नानकटाई आणि केक, असे मोजून अकरा प्रकार. ओट्याशी आत्या, मावशी, शेजारच्या काकू. गच्चीवर भाऊ चांदणी लावायचा. चोवीसच्या रात्री गाणारी मंडळी दारात यायची आणि पंचविसाला उपासनेहून परतल्यावर गल्लीभर ताटं जायची.

यंदा पिंपरीचा भाऊ म्हणतो, 'पहिलं वर्ष आहे, सण करायचा नाही.' मेलबर्नची बहीण म्हणते, 'पैसे पाठवते, सगळं बाहेरून मागव, व्हिडिओ कॉलवर भेटू.' बंगळूरला शिकणारी १९ वर्षांची मुलगी म्हणते, 'आजी नाही तर घरी येऊन काय करू?' यजमान म्हणतात, 'तुला झेपेल तेवढं कर.' आत्या दोन वर्षांपूर्वीच गेल्या, मावशी थकल्यात, काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. ताई विचारतात: 'रजा काढून अकराच्या अकरा प्रकार मी एकटीनं केले, तर तो आईचा नाताळ होईल का? आणि नाही केले तर चार पिढ्यांची परंपरा माझ्या हातून तुटली असं नाही का होणार? परवा आईची वही काढून बसले होते. वाटलं, कृती, प्रमाण काहीतरी सापडेल. तर एकही कृती नाही! नुसती नावं आणि पुढे आकडे. एक नाव तर "स्टँडवाले दादा" असं आहे. ते कोण, घरात कुणालाच माहीत नाही.'

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात फराळाला दीड पान आहे आणि वहीला चार ओळी. मी त्या चार ओळींवर अडून बसले. त्यांच्याकडे येतेच, पण आधी ते 'चार पिढ्यां'चं बघू, कारण तुमच्या मानेवर खरं ओझं त्याचं आहे.

तुमच्या पणजीचा नाताळ कसा असेल, याचा कधी विचार केलाय? चार पिढ्या मागे गेलं की आपण १९०० च्या आगेमागे पोचतो. १८९६-९७ चा दुष्काळ, त्यातून डोकं वर काढतोय तोवर १८९९-१९०० चा. नगर जिल्हा तेव्हा अक्षरशः होरपळत होता. त्या काळच्या तुमच्या मंडळीतली बहुतेक घरं गावकुसाबाहेरची, दुसऱ्याच्या शेतावर राबणारी. मैदा, तूप, साखर हे त्या घरांत सणालाही कितीसं असणार? अकरा प्रकार तर नव्हतेच, हे मी पैजेवर सांगते. गूळ घातलेलं काहीतरी एक झालं असेल, आणि त्याचीच पोरांनी वर्षभर वाट पाहिली असेल.

नगरमध्ये खरोखर तेवढं जुनं काय आहे, विचाराल तर गाणं. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये तुमच्या शहरात आलं, 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ मध्ये तिथूनच निघू लागलं. पण नाताळ मराठी झाला तो मुख्यतः गाण्यामुळे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढची बरीच वर्षं नगर-राहुरीकडे काढली. त्यांनी अभंगाच्या, ओवीच्या वळणाची गीतं लिहिली. ते १९१९ मध्ये गेले. त्यांची गीतं 'उपासना संगीत' या चर्चच्या गीतसंग्रहात आजही आहेत आणि तुमच्या पणजीनं ती टाळ-पेटीवर म्हटली असण्याची दाट शक्यता आहे. ती चार पिढ्यांची गोष्ट तुमच्याकडून तुटत नाहीये. रविवारी तुम्ही ती म्हणताच.

अकरा प्रकारांचा फराळ मात्र, मला वाटतं, तुमच्या आईचा स्वतःचा. घरात महिन्याचा पगार आला, गॅसची शेगडी आली, चार डबे भरून ठेवण्याइतकी ऐपत आली, तेव्हा केव्हातरी त्यांनी तो मांडला. एका वर्षी पाच प्रकार असतील, पुढच्या वर्षी कुणीतरी म्हणालं असेल, 'शेव पण करू या.' मावशींना विचारून पाहा. त्यांना वर्षसुद्धा आठवेल. एरवी युगानुयुगं चालत आलेल्या वाटणाऱ्या गोष्टींचीही सुरुवात अशीच असते. नाताळचा गव्हाणीचा देखावा घ्या. इटलीतल्या ग्रेचो नावाच्या गावी सेंट फ्रान्सिसनी १२२३ साली खरा बैल आणि खरं गाढव आणून तो उभा केला. त्या रात्री गावकऱ्यांना ती परंपरा वाटली नसणार. 'यंदा हे काय नवीन?' असंच वाटलं असणार.

तुमच्या आईनं जे सुरू केलं, त्यात तिची लेक फेरफार करू शकते. एवढा हक्क तुम्हाला आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. अकरा प्रकार एकटीनं केले तर तो आईचा नाताळ होईल का? नाही होणार. मी गोड बोलून फसवत नाही तुम्हाला. उलट सगळं हुबेहूब जमलं, डबे तसेच ओळीनं भरले, तर आई नाहीये हे जास्तच दिसेल. शिवाय पंचविसाला तुम्ही कंबर धरून झोपलेल्या असाल आणि दारावर आलेल्या माणसाला पाणी द्यायलाही उठवणार नाही.

आणि 'एकटीनं' हा शब्दच मला खटकतो. करंजी एकटीनं होत नाही हो. रवा-मैदा दुधात भिजवून कुटायचा, लाट्या ओल्या फडक्याखाली झाकायच्या, एकीनं लाटायचं, दुसरीनं सारण भरायचं, तिसरीनं कातण फिरवायचं आणि चौथीनं कढईशी उभं राहायचं. एकटी बाई करायला बसली की लाटलेल्या पाऱ्या वाळतात, कडा चिकटत नाहीत, करंजी तेलात फुटते, सारण जळतं आणि सगळ्या घाण्याला काळे ठिपके लागतात. बायका जमत आणि मग करंज्या होत, असं आपल्याला वाटतं. मला तर उलटंच दिसतं. चार जणींशिवाय होत नाहीत म्हणून करंज्यांनी बायकांना जमवलं. त्या चार तासांत कुणाच्या सासूचं काय, कुणाच्या लेकीचं कुठे जमतंय, कुणाचा नवरा पुन्हा प्यायला लागलाय, हे सगळं निघायचं. आईचा नाताळ तिथे होता, कढईच्या अलीकडे.

तेव्हा काय ठेवायचं आणि काय सोडायचं, याची माझी कसोटी सरळ आहे. जे एकटी बाई निमूटपणे करू शकते, ते यंदा खुशाल विकत आणा. चिवडा, शेव, लाडू, शंकरपाळे. तुमच्याच गावात बचत गटाच्या बायका हे उत्तम करतात आणि त्यांच्याकडून घेण्यात कमीपणा काय? अनारसे तर सोडूनच द्या. तीन दिवस तांदूळ भिजवा, रोज पाणी बदला, दळा, गुळात कालवून मुरवा आणि एवढं करून तुपात टाकल्यावर हसले, म्हणजे विरघळून पसरले, की संपलं. दुःखातल्या माणसानं अनारशांच्या नादी लागू नये, असा नियमच करायला हवा.

पण ज्याला अनेक हात लागतात, तो एक पदार्थ मात्र घरीच करा. पंचवीस करंज्या, बास. शंभर नकोत. मावशींना खुर्ची द्या, त्या सारण भरतील. काकूंना जेवणाच्या टेबलाशी बसवून हातात कातण द्या, गुडघ्याला त्यात काय काम? लाटायचं तुम्ही. आणि 'झेपेल तेवढं कर' म्हणणाऱ्या यजमानांच्या हातात झारा द्या. पहिल्या पाच करपतील. करपू देत.

नानकटाईसुद्धा सोडू नका, पण तीही पदार्थ म्हणून नव्हे. घरून मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचं, आपला ट्रे कुणाच्या ट्रेमागे लागलाय यावर नजर ठेवायची, भट्टीच्या उबेला उभं राहून तासभर ओळखी-अनोळखीशी बोलायचं. ज्या गावांत बेकरीवाले अजून असं भाजून देतात, तिथे ही रांग चुकवू नये. यंदा ती तुमच्यासाठी बरीच आहे. घरी एकटं बसण्यापेक्षा तिथे उभं राहणं बरं.

भावाचं म्हणणं घेऊ. पहिल्या वर्षी सण करू नये, असं बायबलमध्ये कुठे सांगितलेलं नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ही आपल्या मराठी मातीतली रीत. हिंदू घरात आहे तशी ख्रिस्ती घरातही उतरली. ती वाईट मुळीच नाही. माणूस गेल्यावर वर्षभर घराला हसतमुख राहायची सक्ती नसावी, यात शहाणपण आहे. पण त्या रीतीचा अर्धाच भाग आपल्या लक्षात राहिलाय. 'त्या घरानं करायचं नाही' हा एक भाग. 'बाकीच्यांनी त्या घरी न्यायचं' हा दुसरा. दिवाळीत ज्यांच्याकडे दुःख झालंय, त्यांच्याकडे भावकीतून, शेजारातून फराळाचे डबे जायचे, त्यांना न विचारता. आता होतं काय की ते घर करत नाही आणि शेजारी 'उगाच कशाला जायचं, त्यांना काय वाटेल' म्हणून दारही वाजवत नाहीत. दोन्हीकडून बंद.

म्हणून भावाचं ऐकायचं ठरवलंत तरी दार बंद ठेवू नका. चार जणांना आधीच सांगा, 'यंदा आमच्याकडे फारसं नाही, पण पंचविसाला आम्ही घरी आहोत, या.' मंडळीतल्या तरुणांना किंवा पाळकसाहेबांना स्पष्ट निरोप द्या की चोवीसच्या रात्री गाणी म्हणायला आमच्या दारात यायचं. तुम्ही सांगितलं नाहीत तर ती पोरं भिडेपोटी तुमचं दार टाळून पुढे जातील, आणि तुम्ही आतून त्यांचा आवाज लांब जाताना ऐकाल. मी कल्पना करूनच हळवी झाले.

भावाला 'सण करायचा की नाही' हे विचारूच नका. या प्रश्नाला त्याच्याकडे एकच उत्तर आहे आणि ते त्यानं देऊन टाकलंय. त्याला म्हणावं, 'चोवीसला सकाळी आईच्या कबरीवर फुलं घेऊन जायचंय, ये.' याला तो नाही म्हणणार नाही. चांदणी कुठे ठेवलीय, बांबू धड आहे का, हे तो घरी आल्यावर आपणहून विचारतो की नाही ते पाहा. नाही विचारलं तर त्या गच्चीवर यंदा अंधार राहू द्या.

बहिणीवर तुम्ही थोड्या चिडलेल्या दिसता. 'तिला काय, पैसे फेकले की झालं' असं तुम्ही लिहिलंय. अहो, मेलबर्नहून लाटणं कसं पाठवणार ती? पैसे घ्या. त्यातून हाताशी एक बाई लावा, तेल-तूप आणा, बेकरीवाल्याचे द्या, आणि हे सगळं कुठे गेलं ते तिला सांगा. व्हिडिओ कॉल मात्र सगळं आवरून, साडी नेसून करू नका. डिसेंबरात त्यांचं घड्याळ आपल्यापुढे साडेपाच तास असतं. नगरला चोवीसच्या संध्याकाळी साडेसहा वाजतात, तेव्हा तिच्याकडे बारा वाजून पंचवीस तारीख लागते. त्या वेळी तुम्ही ओट्याशी असाल. मोबाइल डब्याला टेकवून ठेवा आणि तिच्याशी बोलत बोलत काम करा. सणाचा पसारा तिला दिसू दे. मांडलेली आरास पाहून परदेशातल्या माणसाला आपण पाहुणे झाल्यासारखं वाटतं, असं मला तिकडचेच वाचक कळवत असतात.

मुलीचं मला सांगता येत नाही. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या एका वाक्यावरून तिच्या मनात शिरायला मी ज्योतिषी नाही. कदाचित घर रिकामं वाटेल म्हणून भीत असेल, कदाचित तिला मैत्रिणींबरोबरच राहायचं असेल. एवढंच करा, 'आजीला काय वाटलं असतं' हे वाक्य तिच्यापुढे उच्चारू नका. त्या वाक्यानं आलेली मुलगी रुसून बसते. तिच्यासाठी माझ्याकडे एक काम आहे, ते शेवटी सांगते.

आता ताटांबद्दल. इथे मला तुम्हाला माझी गोष्ट सांगायची आहे, आणि ती फारशी अभिमानाची नाही.

माझं बालपण पुण्यात गुरुवार पेठेत गेलं, पंचहौदाच्या जवळ. पवित्र नाम देवालयाच्या घंटा आमच्या वाड्यात ऐकू यायच्या. तुम्ही पंचहौद मिशनच्या चहाचं प्रकरण वाचलंच असेल. १८९० मध्ये तिथे, ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे, चहा प्यायले म्हणून रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर सनातन्यांनी ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आणलं, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. त्याच्या ऐंशीएक वर्षांनंतर, त्याच पेठेत, दर पंचवीस डिसेंबरला दुपारी आमच्या दारात एक ताट यायचं. मागच्या गल्लीतल्या मामींकडून. क्रोशाचा रुमाल झाकलेला, खाली करंज्या, चकल्या आणि बाजूला केकचा तुकडा. आजी सोवळ्यातली. तिनं त्यातलं काही कधी खाल्लं नाही. पण ताट रिकामं परत जायचं नाही, यावर तिचा कडक पहारा. संक्रांतीला तिळगूळ भरून ते ताट मामींकडे परत जायचं. वीस दिवस ते आमच्या फडताळात असायचं. काठावर मामींच्या यजमानांचं नाव घातलेलं, दुकानात घालून देतात तसं टिंबाटिंबांचं. आम्हा मुलांना नाताळ म्हणजे ते ताट. चर्चच्या आत आमच्यातलं कुणी कधी गेलं नव्हतं.

मामी गेल्या त्या वर्षी ताट आलं नाही. साहजिकच होतं. पण गंमत अशी की आदल्या वर्षीचं ताट आमच्याकडेच राहिलं होतं. संक्रांतीला घरात कुणीतरी आजारी होतं, न्यायचं राहून गेलं. मग मामी गेल्या आणि 'आता कुणाकडे द्यायचं' असं आई म्हणाली. मामींचे यजमान होते की! मुलगा होता. दोन मिनिटांवर घर. त्या नाताळाला आमच्यापैकी एकानं ते ताट उचलून, त्यात काहीही ठेवून, त्यांच्या दारात जायला हवं होतं. आम्ही नाही गेलो. ते ताट पुढे वाडा पाडला तेव्हा सामानात निघालं.

हे सांगितलं ते तुम्ही दुसऱ्या बाजूनं पाहावं म्हणून. तुमच्या पत्रात 'मी करणार', 'मी देणार', 'माझ्याकडून राहणार', असं सगळं देणाऱ्याच्या बाजूनं आहे. पण तुमच्या गल्लीत काही घरं अशी आहेत जिथे यंदा पंचविसाला दुपारी कुणीतरी दाराकडे बघेल. ती माणसं तुमच्या फराळाची वाट पाहत नसतील. त्यांना तुमच्या आईची आठवण काढायचीय आणि ती कुणापुढे काढावी हे कळत नसेल.

म्हणून ती वही. तुम्ही कृती शोधत होतात म्हणून तुम्हाला वही रिकामी वाटली. भाजणीचं प्रमाण त्यांना पाठ होतं, ते कशाला लिहितील? जे विसरून चालणार नाही, ते त्यांनी लिहिलं. कुणाकडे ताट जायचं आणि त्या घरात खाणारी तोंडं किती. पुढचे आकडे मला तरी तेच वाटतात. मावशींना वही दाखवून खात्री करून घ्या. एखाद्या नावापुढचा आकडा मध्येच खोडून वाढवलेला असेल, तर तिथे सून आली असेल. कमी केला असेल, तर तिथेही कुणी गेलं असेल.

माझं म्हणणं असं, की अकरा प्रकारांची यादी यंदा मिटवा आणि या नावांची यादी उघडा. प्रत्येक घरी जाणं जमणार नाही. काही माणसं गाव सोडून गेली असतील, काही देवाघरी. उरलेल्यांतली सात-आठ निवडा. ज्यांच्याकडे आई आवर्जून जायची ती घरं, आणि ज्यांच्याकडे आता एकटंच माणूस उरलंय ती घरं, यांना आधी धरा. ताटलीत एक करंजी, दोन नानकट्या, थोडा विकतचा चिवडा. एवढंच. पोराच्या हातून पाठवू नका, स्वतः जा, आणि उंबऱ्यावरून परतू नका. दहा मिनिटं बसा. लोक बोलतील. आईच्या काही गोष्टी तुम्हाला त्या सात घरांत कळतील ज्या तुम्हाला ठाऊक नव्हत्या. थोडं रडूही येईल. येऊ द्या. मात्र नऊ महिने झाले तरी झोप लागत नाहीये, अन्न गोड लागत नाहीये, असं असेल तर ते फराळानं किंवा माझ्या पत्रानं बरं होणारं नाही. डॉक्टरांशी बोला, तेही डिसेंबर संपायची वाट न बघता.

आणि हो, त्या घरांत आईच्या ताटल्या, डबे अडकलेले असण्याची शक्यता आहे. विचारा निःसंकोच.

अशी पत्रं वसईहूनही येतात, गोव्याहूनही. तिथल्या वाचकांनी 'करंजी'च्या जागी आपापला पदार्थ घालावा. वसईत कलकल असतील. एवढ्याशा गोळ्या काट्याच्या पाठीवर किंवा कंगव्यावर दाबून वळायला चिमुकली बोटं लागतात. ज्या घरात नातवंडं नाहीत त्यांनी शेजारची पोरं बोलवावीत. गोव्यात दोदोल असेल, जो तासन्‌तास ढवळावा लागतो आणि एकाचा खांदा भरून आला की दुसऱ्यानं डाव हातात घ्यायचा असतो. बिबिंका विकतची आणली तरी चालेल, थर मोजत भट्टीशी एकट्यानंच बसायचं काम ते. कुंसवादाचं, म्हणजे नाताळात वाटायच्या गोडाधोडाचं, ताट कुणाकुणाकडे जातं, हे मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून ठेवा. ज्यांची आई अजून आहे, त्या सगळ्यांना माझं हेच सांगणं. दिवाळी असो, ईद असो, नाताळ असो. कृती इंटरनेटवर मिळते. 'आपलं ताट त्या कोपऱ्यावरच्या घरी का जातं?' याचं उत्तर एकाच माणसाकडे असतं.

आणि जे वाचक ख्रिस्ती नाहीत, पण ज्यांच्या शेजारी यंदा असं घर आहे, त्यांना एक विनंती. काय बोलायचं ते सुचत नाही म्हणून थांबू नका. 'मेरी ख्रिसमस' म्हणावं की नाही, हा घोळ घालत बसू नका. ताटलीत साखर घाला आणि जा. मी गेले नाही, म्हणून सांगते.

राहिली तुमची मुलगी. तिला फोन करून घरी ये म्हणू नका. वहीच्या त्या पानाचा फोटो पाठवा आणि विचारा, 'हे स्टँडवाले दादा कोण असतील गं?' आजीबरोबर लहानपणी ती बाजारात जायची, असं तुम्ही लिहिलंय. एसटी स्टँडवर रसवंतीवाला होता, पेपरवाला होता, कुणी हमाल असेल, आईला एखाद्या रात्री घरी सोडणारा रिक्षावाला असेल. कदाचित तिलाच आठवेल. नाही आठवलं तर सव्वीसला, सत्तावीसला, ती येईल तेव्हा दोघी ताटली घेऊन स्टँडवर जा आणि जुन्या माणसांना विचारा.

ते कोण निघाले, हे मला कळवायला मात्र विसरू नका. मी आठ दिवस झाले, त्यांचाच विचार करतेय.